पॉवरपॉइंटच्या स्लाइडमध्येच यूट्यूबचा व्हिडिओ कसा चालवायचा?

स्लाइडवरच्या लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर उघडतो आणि सगळा खोळंबा होतो, असं तुम्ही लिहिलंय. नुसती लिंक देऊ नका. इन्सर्ट, मग व्हिडिओ, मग ऑनलाइन व्हिडिओज इथे जा, यूट्यूबचा पत्ता पेस्ट करा आणि इन्सर्ट दाबा. व्हिडिओ स्लाइडमध्येच चालेल.

मात्र तो फाइलमध्ये साठत नाही, दर वेळी नेटवरूनच येतो. हे मला भर वर्गात कळलं. मी सोलापुरात आठवीला शिकवते. चादरीवर नक्षी कशी उमटते हे दाखवायला जॅकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचा, व्हिडिओ असाच घातला होता. घरी छान चालला. हॉलमध्ये नेटच नव्हतं. पडद्यावर नुसती चौकट, आणि समोर बसलेली कितीतरी मुलं मागाच्या खडखडाटात वाढलेली. फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात शहराच्या पूर्व भागातल्या एका पालकांच्या कारखान्यात गेले आणि मोबाइल आडवा धरून 40 सेकंदांचं शूटिंग केलं. पुठ्ठ्याचं कार्ड पुढे येतं, जिथे छिद्र असेल तिथला हूक वर उचलला जातो, त्याला जोडलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उठतात आणि खालून आडवा धागा घेऊन धोटा सर्रकन निघून जातो. मला एवढंच दाखवायचं होतं! यूट्यूबच्या व्हिडिओत ते सातव्या मिनिटाला येत होतं.

असा स्वतःचा व्हिडिओ एमपी4 करून इन्सर्ट, व्हिडिओ, धिस डिव्हाइस इथून घाला. तो फाइलमध्येच राहतो, पेनड्राइव्हवरून नेला तरी चालतो. ट्रिम व्हिडिओने नको तो भागही काढता येतो, ऑनलाइन व्हिडिओला ही सोय नाही. फाइल जड झाली तर फाइल, इन्फोमध्ये कॉम्प्रेस मीडिया आहे. गूगल स्लाइड्स वापरत असाल तर यूट्यूबच्या व्हिडिओलाही सुरू कुठून आणि बंद कुठे, ते फॉरमॅट ऑप्शन्समध्ये ठरवता येतं.

काही व्हिडिओ स्लाइडमध्ये चालतच नाहीत, कारण टाकणाऱ्यानेच ती परवानगी बंद ठेवलेली असते. तिथे दुसरा शोधा. यूट्यूबवरून परवानगीशिवाय उतरवून घेऊ नका, दुसऱ्याची मेहनत असते ती.

ऑनलाइनच दाखवायचा असेल तर आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच कॉम्प्युटरवर, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून एकदा पूर्ण चालवून बघा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का, तेही.