समुद्रावरून त्सावोला: दोन रात्रींची सफारी कशी आखावी?

प्रश्न: आम्ही तीन कुटुंबे मिळून अकरा जण दिवाळीच्या सुट्टीत केनियाला जात आहोत. मुंबईहून नैरोबी आणि तेथून मोंबासाच्या दक्षिणेला असलेल्या दियानी किनाऱ्यावर सात रात्री मुक्काम, असा बेत आहे. परतीचे विमान नैरोबीहूनच आहे. आमच्यात सर्वांत लहान मुलगी सहा वर्षांची आहे, तर सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. किनाऱ्यावरून एका दिवसात सफारी घडवून आणणारे पुष्कळ जण आहेत आणि ती स्वस्त पडते, असे ऐकतो. एक दिवस पुरेल का? हॉटेलचे आरक्षण महिनाभर आधीपर्यंत बदलता येण्याजोगे आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: एक दिवस पुरणार नाही. आपण ज्या अंतरावरून निघणार आहात ते आणि प्राण्यांची दिनचर्या या दोन्ही गोष्टी एका दिवसाच्या विरोधात जातात. दियानीहून सर्वांत जवळचे मोठे जंगल म्हणजे त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यान. त्याचे बाचुमा फाटक गाठायला मोंबासा–नैरोबी महामार्गावरून साधारण तीन तास धरावे लागतात, आणि हा महामार्ग बंदरातून निघालेल्या मालट्रकांनी सदैव भरलेला असतो. त्सावो विषुववृत्तापासून अवघे तीन अंश दक्षिणेला असल्यामुळे तेथे बाराही महिने सकाळी सव्वासहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सिंह, तरस, बिबळ्या यांची जी काही हालचाल पाहायची, ती या दोन वेळांच्या आसपासची दीड-दोन तासांची असते. किनाऱ्यावरून निघालेली गाडी उद्यानात शिरते तेव्हा पहिली वेळ टळून गेलेली असते, आणि दुसरी वेळ येण्याआधी तिला परतीच्या रस्त्याला लागावे लागते. म्हणजे भर दुपारची, सावलीत निपचित पडलेल्या जनावरांची तेवढी वेळ हाती उरते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही किनाऱ्यावरच ठरवलेली अशीच एक दिवसाची सफर केली होती. पहाटे साडेतीनला मुलांना झोपेतून उठवून गाडीत बसवले. गाडीत आम्ही नऊ जण होतो आणि मधल्या जागांवर बसलेल्यांना खिडकी नव्हती. उद्यानात पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. रात्री साडेनऊला परत आलो तेव्हा माझ्या पुतण्याला हत्ती पाहिल्याचे आठवतच नव्हते, कारण त्या वेळी तो माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. त्या मुलाची ती चुकलेली वेळ मला आजही टोचते, म्हणून आपल्याला आग्रहाने सांगतो की जंगलात किमान एक आणि शक्य असेल तर दोन रात्री काढाव्यात.

आपल्या बेतात त्या दोन रात्री बसवणे सोपे आहे, कारण आपले परतीचे विमान नैरोबीहून आहे. दियानीच्या सात रात्रींपैकी शेवटच्या दोन कमी कराव्यात आणि सामानसुमान घेऊनच जंगलाकडे निघावे, म्हणजे किनाऱ्यावर परतण्याची खेप वाचते. त्सावो पूर्वचे मुख्य फाटक वोई गावाला लागूनच आहे आणि मोंबासा–नैरोबी ही 2017 साली सुरू झालेली रेल्वे वोईवरून जाते. सकाळी मोंबासाहून सुटून मधल्या स्थानकांवर थांबत जाणारी गाडी तिसऱ्या दिवशी वोईला पकडावी. नैरोबीचे नवे स्थानक शहराच्या बाहेर, विमानतळाच्याच बाजूला आहे. रेल्वेची तिकिटे आधी काढून ठेवावीत आणि विमान त्याच दिवशीचे असेल तर ते रात्री उशिराचे असावे. हा लोहमार्ग त्सावो पूर्व आणि त्सावो पश्चिम या दोन उद्यानांमधून जातो आणि हत्तींना इकडून तिकडे जाता यावे म्हणून भरावाखाली ठिकठिकाणी रुंद भुयारी वाटा ठेवल्या आहेत. खिडकीतूनही लाल मातीने माखलेले हत्ती दिसण्याचा संभव असतो, तेव्हा मुलांना खिडकीशी बसवावे.

या लोहमार्गाच्या शेजारून गेलेल्या जुन्या रेल्वेशी आपलाही संबंध आहे. 1896 ते 1901 या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा तो मार्ग बांधण्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले. 1898 मध्ये त्सावो नदीवरील पुलाचे काम चालू असताना आयाळ नसलेल्या दोन सिंहांनी त्यांच्या तंबूंवर कित्येक महिने हल्ले केले. मुलांना ही हकिकत जरूर सांगावी, मात्र रात्री तंबूत झोपायच्या आधी नव्हे.

आता तीन दिवसांचा क्रम. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला दियानी सोडावे. मोंबासा बेटावर जाणाऱ्या लिकोनीच्या तरीवर वाहनांची रांग लागते, म्हणून डोंगो कुंडूच्या बाह्यवळण रस्त्याने जाण्याविषयी चालकाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे. बाचुमा फाटकातून आत शिरून अरुबा धरणाच्या बाजूने रमतगमत मुक्काम गाठावा, जेवून विश्रांती घ्यावी आणि चारच्या सुमारास पुन्हा बाहेर पडावे. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघावे, नऊ-साडेनऊला न्याहारीला परतावे आणि संध्याकाळ पुन्हा जंगलात घालवावी. दुपारी कोठेही धावू नये. गलाना नदीवरचे लुगार्ड धबधबे पाहण्यासारखे आहेत, परंतु ते वोईपासून लांब आहेत आणि उद्यानात ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेता मी ते सोडून देईन. त्सावो पूर्वचे क्षेत्र सुमारे 13,700 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढे आहे. एका सुट्टीत अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतचे प्रत्येक गाव पाहण्याचा हट्ट आपण कोणाला धरू देणार नाही, तसेच येथे समजावे.

अकरा जणांसाठी एकच मोठी गाडी घेऊ नये. छत वर उचलता येणाऱ्या दोन गाड्या घ्याव्यात, एकीत पाच आणि दुसरीत सहा जण बसावेत आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल हे लेखी ठरवून घ्यावे. गटाची वाटणी कुटुंबांप्रमाणे न करता स्वभावाप्रमाणे करावी. एका पाणवठ्यावर तासभर शांत बसू शकणारे एका गाडीत आणि लहान मुले व त्यांना सांभाळणारे दुसऱ्या गाडीत असले, म्हणजे कोणाचाच विरस होत नाही. सासूबाईंना चढायला बुटके स्टूल लागेल, ते आधी सांगून ठेवावे. उद्यानात ठरावीक जागा सोडून कोठेही खाली उतरता येत नाही, त्यामुळे चढउतार एरवी फारशी होत नाही.

ऋतूविषयी स्पष्ट लिहितो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तेथे लहान पावसाळा असतो. त्या काळात सगळीकडे पाणी झाल्यामुळे जनावरे पांगतात आणि गवत वाढते. जून ते ऑक्टोबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने पाहण्यासाठी अधिक चांगले असतात. परंतु मुलांच्या शाळा सांभाळायच्या तर दिवाळी ही मे महिन्यापेक्षा बरी, कारण एप्रिल-मेमध्ये तेथे मोठा पावसाळा असतो. आपल्या काळ्या रानात पावसात गाडी रुतते, तशी तेथील लाल मातीत घसरते, म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच मागावी.

ती लाल माती हे त्सावोचे वैशिष्ट्य आहे. तेथील हत्ती लाल दिसतात ते या मातीत लोळल्यामुळे. दुसऱ्या खेपेला आम्ही अरुबाच्या काठी थांबलो होतो. एका पिलाला अजून सोंडेने पाणी ओढता येत नव्हते, म्हणून ते पुढचे गुडघे टेकून थेट तोंडाने पाणी पीत होते. शेजारी त्याची आई चिखल उचलून स्वतःच्या कुशीवर मारत होती, आणि त्याचा थपकन होणारा आवाज गाडीत स्पष्ट ऐकू येत होता. चालकाने इंजिन बंद केले होते आणि वीस मिनिटे कोणी बोलले नाही. मुक्कामी परतल्यावर सोलापूरहून नेलेल्या पांढऱ्या टॉवेलने तोंड पुसले, तर त्यावर गेरूचा हात उमटल्यासारखा डाग पडला, तो पुढे धुऊनही पुरता गेला नाही. आपण गडद रंगाचे टॉवेल न्यावेत. कपडे मात्र गडद निळे किंवा काळे नेऊ नयेत, कारण त्या रंगांकडे चावणारी त्सेत्से माशी ओढली जाते. खाकी किंवा मातकट रंग योग्य.

व्यवहार ठरवताना किनाऱ्यावर वाळूत भेटणाऱ्या विक्रेत्यांना आगाऊ पैसे देऊ नयेत. कंपनी केनियाच्या पर्यटन नियामक प्राधिकरणाची परवानाधारक आहे का, हे पाहावे. चालक-मार्गदर्शकांना तेथील व्यावसायिक संघटना परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे दर्जे देते. निदान एका गाडीवर रौप्य दर्जाचा माणूस मागावा. दरात उद्यानाचे प्रवेशशुल्क धरले आहे का, ते शुल्क किती तासांसाठी आहे, मुलांना सवलत आहे का आणि वोई स्थानकापर्यंत सोडणे त्यात येते का, या चार गोष्टी लेखी घ्याव्यात. शुल्क तासांवर असेल, तर फाटकातून आत शिरण्याची वेळही त्यावरूनच ठरवावी लागते. सिंह, बिबळ्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा हे पाचही मोठे प्राणी दाखवण्याची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जंगलात कोणतीच हमी नसते, आणि गेंडे तर मुख्यतः त्सावो पश्चिममधील राखीव कुंपणात आहेत.

शाकाहारी जेवणाची चिंता नको. किनाऱ्यावर भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत आणि चपाती हा शब्द स्वाहिलीतही चपातीच आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अवश्य न्यावी, मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांतून नव्हे. केनियात 2017 पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे आणि 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही नेता येत नाहीत. चटणी स्टीलच्या डब्यात आणि भाकरी सुती फडक्यात बांधावी. मुक्कामाच्या ठिकाणी माकडे ताटापर्यंत येतात. मुलांना त्यांच्यापुढे तुकडा टाकू देऊ नये.

निघण्यापूर्वी एका रविवारी सर्वांनी पहाटे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जावे, अशी माझी सूचना आहे. काळवीट तर दिसतातच, कधी लांडगाही दिसतो. दुर्बिणीतून हलते जनावर नजरेत धरायला थोडा सराव लागतो. तो तेथेच होऊन जाईल आणि सहा वर्षांची मुलगी किती वेळ शांत बसू शकते, हेही आपल्याला समजेल.

प्रश्न: केनियाला जाताना पीतज्वराची (यलो फीवर) लस सर्वांनाच घ्यावी लागते का? आमच्या गटात साठीच्या पुढचे दोघे आहेत.
– एक वाचक, बार्शी

उत्तर: केनियाहून भारतात परतताना या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी केंद्राची वेळ घ्यावी. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. साठीनंतर तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे त्या दोघांनी चालू औषधांची यादी घेऊन आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डॉक्टरांनी लस देऊ नये असे ठरवले, तर लस न घेण्याची त्यांनी लेखी सूट दिल्यावरही परतताना विमानतळावर काय नियम लागेल, हे केंद्रावरच विचारावे आणि मगच तिकिटे काढावीत. किनारा आणि त्सावो या दोन्ही ठिकाणी हिवतापाचा धोका असतो, म्हणून त्यावरच्या गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारून घ्यावे.