खिचडीच बनव, पण चोरून नको

पत्र : "ताई, मी 31 वर्षांचा, मूळ सटाण्याचा. नोकरी नाशिकच्या अंबडला, राहायला तिथेच पाथर्डी फाट्यावर एका छोट्या फ्लॅटमध्ये. मित्रमंडळी चांगली आहेत, सारखी घरी बोलावतात. गंगापूर रोडच्या एका मित्राकडे तर पनीर, स्टार्टर, पुलाव, दोन गोड पदार्थ असा थाट असतो. मला आईने शिकवलेली खिचडी-कढी, पिठलं, मटकीची उसळ एवढंच येतं. दोनदा सगळ्यांना बोलावून बाहेरून मागवलं. खर्च झालाच, वर घरी बोलावल्यासारखं वाटलंही नाही. एकदा मित्र हसत म्हणाला, 'तू रोज खिचडीच खातोस का रे?' तेव्हापासून कुणाला बोलवायला धजत नाही. काय करू?"

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं : 'घरी बोलावल्यासारखं वाटलंही नाही.' मागवलेल्या जेवणात काय कमी होतं, ते तुझं तुलाच कळलंय. मित्राचं ते हसणं तुला लागलं, हे मी समजू शकते. पण तुझ्या हातची खिचडी त्याने अजून खाल्लेलीच नाही. त्याच्या एका वाक्यावरून तू स्वतःचं घर बंद करून घेतलंस, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पनीर-पुलावाची परतफेड करायचा विचार आधी सोड. मित्राच्या घरचं जेवण म्हणजे वहीत लिहून ठेवायचा आहेर नव्हे. त्याला थाट करायला आवडतो, त्याने करावा. तू सहा जणांना तुरीच्या डाळीची खिचडी, कढी, भाजलेले पापड, ठेचा आणि कांदा एवढंच वाढ. पिठलं-भाकरी या वेळी नको. भाकरी गरमच हवी, मग मित्र बाहेर गप्पा मारणार आणि तू तव्यापाशी अडकणार. खिचडीचं तसं नाही. कुकरचं झाकण लावलं की तू मोकळा.

सहा जणांना 3 वाट्या तांदूळ आणि 1 वाटी डाळ पुरते. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजव. फोडणीत कांदा, लसूण, शेंगदाणे, हळद, तिखट घाल. मग डाळ-तांदूळ परतून 10 वाट्या गरम पाणी आणि मीठ. 5 लिटरचा कुकर असेल तर एकाच वेळी होते. वाढताना वरून लसणाची, लाल मिरचीची तेलाची फोडणी हवीच. तुमच्या सटाण्याकडे, बागलाणात, हे मी तुला सांगायला नको, पण ती नसेल तर मित्राचं हसणं खरं ठरेल!

कढी मात्र सांभाळून. अर्धा लिटर आंबट दह्यात दोन मोठे चमचे बेसन आधी गुठळ्या न ठेवता घुसळ, मग लिटरभर पाणी. उकळी येईपर्यंत ढवळत राहा, गॅस मंद ठेव आणि मीठ शेवटी घाल, म्हणजे ती फुटणार नाही. कढी दुपारीच करून ठेवली तरी चालते; गरम करतानाही ढवळायचं.

आता एक सवय मोडायला सांगते. वाढताना "काही विशेष केलं नाही हं, साधंच आहे" असं म्हणू नकोस. आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि मग पाहुण्याला घास तोंडात जायच्या आधीच कौतुक करावं लागतं. त्याऐवजी सरळ सांग, "आमच्या घरी आई खिचडी अशी करते." आग्रहही नको. कुकर आणि पातेलं मध्ये ठेव, ज्याचं त्याने घ्यावं. कुणी "येताना काय आणू?" असं विचारलं तर "काही नको" म्हणू नकोस. द्राक्षांचा हंगाम असेल तर द्राक्षं आणायला सांग, नाहीतर कुल्फी. ताटं कमी असतील तर तीही मागव. पापड भाजायचं काम त्याच गंगापूर रोडवाल्याला दे, स्वयंपाकघरात उभा राहिला की तो हक्काने बोलू लागेल.

कुणाचा उपवास आहे का, कुणाला शेंगदाणा चालत नाही का, हे मात्र दोन दिवस आधी विचारून घे.

आणि पहिल्याच वेळी सहा जण जड वाटत असतील तर तिघांनाच बोलव. सगळं प्रमाण निम्मं कर, फक्त खिचडीचं पाणी निम्म्याहून अर्धी वाटी जास्त. येत्या शनिवारी रात्रीचं आजच कळव. "जेवायला या" एवढं पुरे नाही, "खिचडी-कढी खायला या" असं लिही.

तुझी ताई