आधी बोचकं सोड

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातली नोकरी घ्यायची, की आपल्या तालुक्यातल्या लहान दवाखान्यात राहायचं, यात देवाची इच्छा कशी ओळखू, असं तू विचारलंस. उपास केलास, बायबलच्या वचनांची कार्डं चिठ्ठीसारखी काढलीस, आणि दर वेळी वेगळंच निघालं म्हणतेस. निघणारच. ती कार्डं ३१ डिसेंबरच्या रात्री, नव्या वर्षाचं वचन काढताना शोभतात. त्यांच्यावर नोकरी ठरवू नये.

बायबलात यिर्मया संदेष्ट्याचा ४२वा अध्याय काढ. बाबेलच्या राजानं यहूदावर नेमलेल्या गदल्याचा खून झालाय, आता बाबेल सूड घेईल अशी दहशत बसलीय. उरलेले लोक यिर्मयाला म्हणतात, देवाला विचार. तो सांगेल ते बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. अगदी देवाला साक्षी ठेवून. पण आदल्या अध्यायाचा शेवट बघ. ही माणसं बेथलेहेमाजवळ उतरलीत, मिसराच्या, म्हणजे इजिप्तच्या वाटेवर. बोचकी बांधून झालेली! दहा दिवसांनी उत्तर आलं: इथंच राहा, भिऊ नका. तर म्हणाले, तू खोटं बोलतोस. गेले मिसराला, आणि यिर्मयालाही घेऊन गेले. एसटीत बसून, तिकीट काढून झाल्यावर घरी फोन करून 'जाऊ का?' विचारावं, तसली ही प्रार्थना.

म्हणून रात्री एकटी बस आणि स्वतःला विचार, कोणतं उत्तर आलं तर मला राग येईल? तुझं बोचकं तिथं आहे. ते पुण्याचा पगार असेल. किंवा उलटही असेल: गावात राहिली, केवढी त्यागी पोरगी, असं मंडळीत होणारं कौतुक. हे दुसरं लवकर ओळखू येत नाही, कारण ते भक्तीसारखंच दिसतं. गावात राहिलं म्हणजेच आज्ञापालन, असं मी मानत नाही. योहान ७:१७ मध्ये प्रभू म्हणतो, जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला समजेल. आपण मात्र म्हणतो, आधी दाखव, आवडलं तर बघू.

वाट बंद झाली तर घाबरू नकोस. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला आत्म्यानं मना केलं, बिथुनियातही जाऊ दिलं नाही. मासेदोनियाला ये, असा दृष्टांत झाला तो त्रोवस शहरी पोचल्यावर. दोन नकार पचवून तो चालत राहिला होता.

आणि दृष्टांत सगळ्यांनाच होतात असंही नाही. आपल्या जालन्याचं घे. नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ते निजामाच्या मुलखात इकडे आले आणि नव्या विश्वासणाऱ्यांसाठी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. साक्ष देताना आपण बोलावणं तेवढं रंगवून सांगतो. पण गाव वसवायचं म्हणजे जमीन बघा, पाणी बघा, शाळा बघा, भांडणं सोडवा. माझ्या मते आज्ञापालनाचा बहुतेक भाग असलाच असतो, बिनरंगाचा.

तुझ्या शिक्षणाचं कर्ज आहे, आई एकटी आहे. हे देवाच्या इच्छेच्या बाहेरचं समजू नकोस. हप्ता किती, घरी किती लागतात, ते कागदावर मांड आणि तो कागद समोर ठेवून प्रार्थना कर. आईशी बोल. प्रार्थनेच्या गटात कुणी 'प्रभूनं मला तुझ्याबद्दल सांगितलं' म्हणालं, तर ऐकून घे, आभार मान आणि वचनाशी ताडून बघ. पौलानंच सगळ्याची पारख करायला सांगितलंय. तुझ्या जाण्याराहण्यात ज्याचा फायदा-तोटा नाही अशा एखाद्या जाणत्या माणसालाही विचार. पाळकसाहेबांना तू इथंच हवी आहेस, हे मला माहीत आहे. त्यांनाही ते माहीत असावं.

लहान दवाखान्यात एक दिवस जाऊन बसून ये. रात्रपाळीला कोण असतं, पगार वेळेवर होतो का, हे तिथल्या नर्सेसना विचार. पुण्याला कळवायची तारीख जवळ आली असेल तर फोन करून आठवडाभर मुदत माग. गप्प राहून तारीख जाऊ देऊ नकोस. त्यांनी नाही म्हटलं तर त्याच दिवशी मला सांग.

तुझी,
मावशी