जबाबदारी दिली, पण मन सुटत नाही

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीतला बायबल स्टडीचा ग्रुप मी खूप वर्षं चालवला, आता वय झालं म्हणून पाळकांशी बोलून एका तरुण भावाकडे सोपवला. सगळं राजीखुशीने झालं, तरी तो काही नवीन करायला लागला की माझा जीव वरखाली होतो. लोकं अजून मलाच फोन करतात, "तुम्ही होतात तेव्हा असं नव्हतं" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला बरं वाटतं. मी काय करू?
– एक भगिनी

उत्तर : ताई, ऐकायला बरं वाटतं हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, गाठ नेमकी तिथेच आहे.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 27वा अध्याय एकदा सावकाश वाचा. तू वचनदत्त देशात जाणार नाहीस असं देवाने इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला नुकतंच सांगितलंय आणि तो लगेच मागतो काय, तर लोकांसाठी पुढारी, म्हणजे त्यांचे हाल मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होऊ नयेत. त्या प्रार्थनेत स्वतःसाठी काहीच नाही. त्याला मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर, पण त्यांचं नावसुद्धा तो काढत नाही, देव मोशेचा मदतनीस यहोशवा याला निवडतो आणि मोशे एलाजार याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर त्याच्यावर हात ठेवतो. आणि देव म्हणतो, तुझ्या मानातला काही वाटा त्याला दे म्हणजे लोकं त्याचं ऐकतील. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण काम देतो, रजिस्टर देतो, चाव्या देतो आणि मान मात्र स्वतःकडे ठेवतो, मग नवीन माणसाच्या डोक्यावर काम सगळं आणि शब्दाला वजन काहीच नाही. फोनवर ते वाक्य ऐकून तुम्ही नुसत्या गप्प राहिलात तरी तो मान तुमच्याकडेच राहतो.

अलीकडचं उदाहरण पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं. 28 फेब्रुवारी 2013, पद सोडायचा दिवस, त्या दिवशी कार्डिनल्सना, म्हणजे नवीन पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना, निरोप देताना ते म्हणाले की पुढचे पोप तुमच्यातच आहेत आणि त्यांना मी आजच आदराचं आणि आज्ञापालनाचं वचन देतो. निवडणूक व्हायची होती, पोप फ्रान्सिस निवडून आले 13 मार्चला. म्हणजे माणूस आपल्या पसंतीचा निघेल की नाही हे कळायच्या आधीच शब्द देऊन मोकळे.

तुम्ही एवढं करा, पुढचा फोन आला की पहिला प्रश्न विचारा, "त्याच्याशी बोललात का?" नसेल तर तिकडेच पाठवा आणि त्याचं जे चांगलं वाटलं ते नाव घेऊन सांगा, उगाच कौतुक नको, खरं असेल तेवढंच. त्याने सल्ला मागितला तर हात राखून सांगू नका, नाही मागितला तर थांबा, आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा, ज्याच्यासाठी आपण रोज गुडघे टेकतो त्याच्यावर फार दिवस रुसून राहता येत नाही.

मात्र शिकवण देवाच्या वचनाला सोडून जात असेल, पैशात गोंधळ असेल किंवा कुणाला त्रास दिला जात असेल तर गप्प बसू नका. शिकवणीचं असेल तर आधी त्याच्याशी एकांतात बोला, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात सांगितलंय तसं, आणि पैशाचं किंवा कुणाच्या सुरक्षेचं असेल तर थेट पाळक आणि मंडळीच्या वडीलजनांकडे जा. गाणी, वेळ, बसायची पद्धत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे प्रश्न, हे सगळं त्याला त्याच्या मनासारखं करू द्या.