बिहारच्या कामगाराच्या मुलीला कोल्हापुरात मोफत शस्त्रक्रिया मिळेल का?

आपल्या शिरोलीच्या घरात भाड्याने राहणाऱ्या बिहारच्या फाउंड्री कामगाराच्या चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे आणि महाराष्ट्राचे रेशनकार्ड नसल्यामुळे रुग्णालयाने मोफत उपचार नाकारल्याने त्यांना गावी परतावे लागेल का, असे आपण विचारले आहे. वडिलांकडे बिहारचे आयुष्मान कार्ड असल्याचेही आपण लिहिले आहे, त्यामुळे परतण्याची गरज नाही.

रुग्णालयाने त्यांना नकार दिला, तो बहुधा राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेपुरता असावा, कारण त्या योजनेला महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवास दाखला लागतो. आयुष्मान भारत ही २०१८ पासूनची केंद्राची योजना असून तिचे कार्ड देशातील कोणत्याही अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयात चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि आजार आधीपासूनचा किंवा जन्मजात आहे, या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. म्हणून आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनीसाकडे) ‘परराज्याचे आयुष्मान कार्ड’ असे स्पष्ट सांगून चौकशी करावी.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांचे अर्ज मी भरून देतो, आणि माझ्या अनुभवाने काम अडते ते मुलाच्या नावापाशी. वडिलांचे कार्ड असते, पण प्रत्येक सदस्याचे कार्ड वेगळे निघते आणि नंतर जन्मलेल्या मुलीचे नाव कुटुंबाच्या यादीत चढवलेलेच नसते. त्यासाठी तिचा जन्मदाखला आणि आधार आजच काढून पाहावे. दाखल्यावर आईचे नाव ‘सुनीता देवी’ आणि आधारवर नुसतेच ‘सुनिता’ असेल, तर ही तफावत आधी दुरुस्त करून घ्यावी.

त्याचबरोबर अंगणवाडीत मुलीची नोंद करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते.

वडिलांच्या पगारातून ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का, हेही पगारपत्रकावर तपासावे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार, ठेकेदारामार्फत लागलेला असला तरी, या विम्यात येतो आणि त्याची मुलेही येतात.

एक मात्र कळकळीने सांगतो: मंजुरी येण्याआधी अनामत रक्कम भरून मुलीला दाखल करू नये, कारण नंतर ते पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. मात्र प्रकृती तातडीची असेल, तर कागदांची वाट न पाहता थेट कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात न्यावे.