खाडी ते खाडी: दापोलीहून रत्नागिरीला सायकलने जाणाऱ्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दापोलीहून समुद्राकाठच्या रस्त्याने एका दिवसात रत्नागिरी गाठायचा तुझा बेत वाचला. रस्ता तू उत्तम निवडलास. दाभोळ, धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारे. सायकलसाठी आपल्या किनाऱ्यावर याहून चांगला पट्टा मला माहीत नाही. पण "ताशी वीस धरले तर संध्याकाळच्या आत पोचतो" हा हिशोब सोडून दे. तो देशावरच्या सपाट रस्त्याचा हिशोब आहे. कोकणात दिवस ठरवायचा तो खाड्या मोजून.

कारण असं, की जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचं कातळाचं पठार, इथे थेट समुद्रापर्यंत आलेला आहे आणि नद्यांनी तो जागोजागी चिरून खाड्या केल्या आहेत. रस्त्याला दुसरा इलाज नाही. तो सड्यावरून पाण्यापर्यंत उतरतो, खाडी किंवा वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. दिवसभर हेच चालतं. तुझ्या वाटेवर दोन मोठ्या खाड्या फेरीबोटीने पार करायच्या आहेत, वाशिष्ठीची दाभोळला आणि शास्त्रीची जयगडला. शिवाय लहान उतार-चढ आहेतच. एकेक चढ फार लांब नसतो, पण पाठोपाठ येतो आणि पाय मोकळे व्हायच्या आत पुढचा उभा राहतो. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे, त्यामुळे दाभोळपर्यंतचा हिशोब एकूण उताराचा. सकाळी तुला वाटेल, आपण फार छान चाललोय. ती भावना धोपाव्याच्या पुढे टिकत नाही. म्हणून दोन दिवस घे. पहिल्या दिवशी एकच मोठी खाडी, मुक्काम गुहागर किंवा वेळणेश्वर. दुसऱ्या दिवशी दुसरी खाडी आणि रत्नागिरी.

सायकलीत एकच खर्च कर, गिअरवर. पुढची लहान चकती ३४ दात्यांची असेल तर मागे ३२ किंवा ३४ दात्यांची असलीच पाहिजे. दुकानदार म्हणेल, तरुण आहेस, एवढं लागत नाही. लागतं. गुडघे तरुणपणीच जपायचे असतात. टायर २५ मिलिमीटर रुंदीचे असतील तर २८चे घाल, फ्रेममध्ये बसत असतील तर ३२चे. दोन ट्यूब जवळ ठेव. तुझ्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलचा पंप असतो, तो त्यावर बसत नाही. पितळेचं छोटं अ‍ॅडॅप्टर मिळतं, ते खिशात असू दे.

आता रस्त्याची कड. याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो. आपले आतले रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. त्यांच्यावर डांबराचे थर चढत गेले आणि बाजूची तांबडी माती पावसात वाहून गेली, त्यामुळे कडेला चार-सहा बोटांची पायरी तयार झाली आहे. मागून एसटी आली की माणूस नकळत कडेला सरकतो आणि चाक त्या पायरीवरून खाली उतरतं. तिथपर्यंत काही बिघडत नाही. खरा धोका परत वर येताना. चाक पायरीला समांतर ठेवून हँडल हळूच डांबराकडे वळवलंस तर पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि तू रस्त्याच्या मधोमध पडतोस, एसटीच्या पुढ्यात. तेव्हा खाली उतरलास की खालीच राहा. वेग संपू दे, थांब, पाय टेक, सायकल उचलून वर ठेव. दोन मिनिटं जातील, जाऊ देत. त्याहून बरं म्हणजे एसटीचा आवाज आल्या आल्या रुंद जागा बघून स्वतःहून बाजूला उभं राहावं. एसटीचे चालक या रस्त्यांवर वर्षानुवर्षं आहेत, त्यांना वाट दिलीस की ते हात करून जातात. कानात इअरफोन मात्र एकाही कानात नको. वळणापलीकडचं इथे दिसत नाही, ऐकूच येतं.

उतारावर खाडीकडे जाताना वळणांत जांभ्याची बारीक तांबडी खडी पसरलेली असते. ब्रेक धरून ठेवत उतरू नकोस. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी कर आणि वळण मोकळ्या चाकाने घे. बागांच्या सावलीतला रस्ता डिसेंबरातही सकाळी दवाने ओला असतो, तिथे जास्तच सांभाळ.

फेरीबोटीची एक रीत पाळ. बोट लागली की लोखंडी फळी ओली असते, सायकलवर बसून उतरू नकोस, हातात धरून चालत ये. आणि सगळ्या मोटारी, टेम्पो, दुचाक्या आधी जाऊ दे. जेट्टीच्या लगेच पुढे चढ असतो आणि बोटीतून सुटलेली सगळी वाहनं एकदम त्या चढाला लागतात. पाच मिनिटं थांबलास तर पुढची बोट येईपर्यंत तो रस्ता बहुतेक तुझा एकट्याचा. तवसाळ-जयगडच्या मानाने दाभोळ-धोपाव्याच्या फेऱ्या जास्त. दोन्हीकडच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घे.

या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, सागरी महामार्गाचं काम पुढे सरकतंय. किनाऱ्यावरच्या माणसाला दवाखाना, बाजार, कॉलेज जवळ येईल, ते व्हायलाच हवं. पण आज या रस्त्यांवर जी शांतता आहे ती खाडीने राखलेली आहे. ज्याला बोटीसाठी ताटकळायचं नाही तो माणूस इकडून येत नाही, म्हणून इथे सायकल चालवता येते. मला वाटतं, तुझ्या वयाच्या मुलांनी हा रस्ता आत्ताच, असा असताना बघावा.

वारा तुझ्या बाजूने आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा या दिवसांत वायव्येकडचा असतो आणि तू दक्षिणेला चाललास, म्हणजे थकलेल्या वेळी तो पाठीशी. कोणी सोबती रत्नागिरीहून दापोलीला उलट यायचं म्हणत असेल तर त्याला पहाटे निघायला सांग.

उन्हाची गोष्ट वेगळी. सड्यावर सावली नाही. डिसेंबरात गवत पिवळं पडलेलं असतं, मधे काळा कातळ, गडग्यापलीकडे काजूची ठेंगणी झाडं, बस्स. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जातं. नुसतं पाणी पीत राहिलास तर डोकं दुखेल, पोटऱ्यांत गोळे येतील. एका बाटलीत पाणी, दुसरीत कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर. पंधरा-वीस मिनिटांनी घोट घोट घे, तहान लागायची वाट बघू नकोस. सकाळी सहाला निघ, अकरा-साडेअकराला कुठल्यातरी गावात सावलीला टेक. दुपारी दुकानं बंद असतात, एक ते चार चहासुद्धा मिळत नाही, म्हणून जेवण त्याआधी. घरगुती खानावळीत विचारलंस तर पेजही देतात. चढ चढायचा असेल त्या दिवशी माशाच्या ताटापेक्षा ती बरी.

जयगडला उतरलास की बंदराच्या ट्रकांच्या रस्त्यावर फार वेळ राहू नकोस. ते निवळीकडे जातात, तू वरवडे-मालगुंडकडे वळ. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे अर्धा तास काढ.

वाडीतून जाताना वेग कमी कर. अंगणं रस्त्याला लागून असतात, मुलं, कोंबड्या, म्हाताऱ्या बायका, सगळं रस्त्यावरच. कोणी "कुठून आलास?" विचारलं तर पाय टेकून उत्तर दे. कुत्रा मागे लागला तर पळू नकोस, उतर, सायकल मधे धर आणि त्याच्याशी बोल. पुढे कधी शिमग्यात निघालास आणि समोरून पालखी आली, तर सायकल बाजूला लावून उभा राहा, पालखी पुढे गेल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

पुळणीवर सायकल घालायचा मोह होईल, गुहागरला तर फारच, घट्ट वाळू लांबवर पसरलेली आहे. घालू नकोस. खारी वाळू चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेली की महिन्याभरात गंज दिसतो. मुक्कामाला पोचल्यावर चेन गोड्या पाण्याच्या फडक्याने पूस, कोरडी कर, तेलाचे थेंब सोड, मगच स्वतःची आंघोळ.

राहता राहिला आरे-वारे. गणपतीपुळ्याहून रत्नागिरी त्या रस्त्याने साधारण २५ किलोमीटर, आणि समुद्र सबंध वाटेत इतका जवळ दुसरीकडे कुठेच नाही. पण शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्या वळणावळणांवर उभ्या असतात, फोटोसाठी माणसं रस्त्यात येतात. म्हणून तू रविवारी दापोलीहून निघ आणि आरे-वारेला सोमवारी दुपारनंतर पोच. सोमवारची रजा मिळते का ते विचार आणि मला कळव, म्हणजे वेळणेश्वरला खोलीचं बोलून ठेवतो.

तुझा,
काका