वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातले गड

श्रावणात आई (वय 64) आणि 9 वर्षांच्या मुलाला घेऊन देवगिरीला जाणार आहोत. पाऊस लागला तर वरपर्यंत जावं का?
— एक वाचक, जालना

पाऊस लागला म्हणून बेत मोडू नका. वर किती जायचं, ते मात्र पायऱ्या बघून ठरवा. महाकोटाच्या दरवाजातून भारतमाता मंदिर, हत्ती हौद, चांदमिनार हा भाग बराचसा सपाट आहे. भुरभुर असली तरी आईंना छत्री घेऊन निवांत बघता येईल. पुढे चिनी महालापर्यंत चढ लागतो, तोही सावकाश जमण्यासारखा. त्यानंतर खंदकावरचा पूल, अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट, आणि बारादरीकडे जाणाऱ्या उंच पायऱ्या. पायऱ्या ओल्या असतील तर आईंनी पुलाच्या अलीकडेच थांबावं, आणि त्यांच्यासोबत एक मोठं माणूस ठेवावं.

या पायऱ्यांचा दगड काळा बेसॉल्ट आहे. शेकडो वर्षांच्या वर्दळीने मधला भाग गुळगुळीत झालाय, आणि कडेला जिथे पाय पडत नाही तिथे शेवाळ धरतं. हिरवं शेवाळ दिसतं तरी. वाळून काळं पडलेलं दगडाच्या रंगात मिसळून जातं आणि चार थेंब पडले की साबणासारखं होतं. म्हणून भिंतीला हात टेकवायच्या नादात अगदी कडेने चालू नका. पाऊल पूर्ण टेका, पायरीच्या धारेवर टाच ठेवू नका. उतरताना उंच पायरी आली की आडवं व्हा आणि एकेक पाय खाली घ्या. मुलाच्या सोबतीचं माणूस चढताना त्याच्या मागे आणि उतरताना पुढे हवं, म्हणजे दोन्ही वेळा त्याच्या खालच्या बाजूला. हात धरून वरून ओढत नेलं तर एक घसरला की दोघं पडतात.

अंधारीत वटवाघळं आहेत. त्यांची विष्ठा पावसाळी दमटपणात निसरडी होते. नाकाला रुमाल बांधा. तोंडाशी दोन मिनिटं थांबून डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाईलच्या उजेडात एक हात अडकतो, त्यामुळे डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, आणि उजेड छताकडे नको, पायाशी पाडा. रविवारी आणि 15 ऑगस्टला आत माणसं तुंबतात. लहान मुलासोबत आठवड्यातला दिवस आणि सकाळची वेळच बरी. माकडांमुळे खाण्याची पिशवी हातात ठेवू नका.

अंतूर आणि वेताळवाडी दुचाकीवरून करायचे आहेत. बूट कोणते घ्यावेत?
— कॉलेजचे तीन मित्र, परभणी

बुटाआधी रस्त्याचा विचार करा. वेताळवाडीला फारशी अडचण नाही, हळद्याकडून सोयगावला उतरणारा घाटरस्ता किल्ल्याजवळूनच जातो. अंतूरला नागापूरकडून जाताना कच्चा रस्ता लागतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला थर चढतो, तो मडगार्डखाली दाबला जातो आणि चाक जाम होतं. मग काडीने उकरत ढकलत न्यायची वेळ येते. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर गाडी गावातच लावा आणि चालत जा. पायी वेळ जास्त लागेल, तेवढा धरूनच निघा.

बूट खोल खाचांचे, रबरी तळाचे आणि घोट्याला घट्ट बसणारे घ्या. तरीही ओल्या शेवाळावर कोणताच तळ धरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बरेच जण पडतात ते वेगळ्याच कारणाने: शेतातला चिखल खाचांत भरतो, तळ सपाट होतो आणि तसेच बूट घेऊन माणूस खडकावर चढतो. पहिल्या दगडाशी बसा आणि खाचा काडीने मोकळ्या करा. याला दोन मिनिटं लागतात. परतताना पुन्हा तेच.

वाटेत ओढा असेल तर जाताना पाण्याशी एखादा ओळखीचा दगड हेरून ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला की लोंढा मागे आहे असं समजा. वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल तर उतरू नका. छोट्या ओढ्याचं पाणी बहुधा तास-दोन तासांत ओसरतं, थांबा.

गडावर विजा सुरू झाल्या तर आडोसा कुठे घ्यावा?
— एक शिक्षिका, अंबड

आपल्याकडे मृगात आणि परतीच्या पावसात विजांचा जोर असतो, आणि आभाळ बहुधा दुपारनंतर भरतं. म्हणून त्या दिवसांत सहाला चढायला लागा आणि बाराच्या आत माथा सोडा. मुलांना घेऊन जाताना तर हे टाळूच नका. निघण्याआधी विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बघा.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरा. तिसाच्या आत आवाज आला तर उतरायला लागा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं माथ्यावर परत जाऊ नका. बुरूज, ध्वजस्तंभ, एकटं झाड, लोखंडी कठडा, पाण्याचं टाकं यांपासून लांब राहा. पडक्या कमानीत किंवा गुहेच्या तोंडाशी उभं राहणं उघड्यापेक्षाही वाईट, कारण वीज तेवढी फट उडी मारून ओलांडते आणि मधल्या माणसातून जाते. उतरणं शक्य नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका. एकमेकांत अंतर ठेवा, मुलांना एका घोळक्यात बसवू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला लगेच हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

टाक्याचं पाणी पावसाळ्यात पिता येतं का?
— एक वाचक, कन्नड

उकळल्याशिवाय नाही. नव्या पावसाने गडमाथ्यावरची सगळी घाण, शेणासकट, टाक्यातच उतरते. पाणी निवळ दिसलं तरी तेच. माणशी दोन-तीन लिटर घरूनच न्या. दमट हवेत घाम वाळत नाही, तहानही कळत नाही, म्हणून अर्ध्या तासाने दोन घोट घ्या. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या; भिजलं तरी खाता येईल असं ते खाणं आहे.